‘नाळे बा’ लिहिलेली फळी

पाणी भरून झाले होते, तांदूळ निवडून झाले होते, ह्यांच्या फोटोसमोर दिवा लावून झाला होता, आणि लाडवांसाठी तुपाचा डबा उघडला तेव्हा लक्षात आले की घरात डिंकच नाही. बेंगळुरात व्हाइटफील्डला पुण्याकडच्या एका घरी मी तेव्हा बाळंतिणीचे खाणे करून देत असे. लाडू दुपारपर्यंत पोचवायचे होते. ओल्या हातानेच पिशवी घेतली आणि जयनगरच्या बाजारात गेले. डिंकाला कानडीत अंटु म्हणतात एवढे मला ठाऊक होते. दुकानदाराला म्हटले, "अण्णा, अंटु कोडि." त्यांनी कागद चिकटवायच्या डिंकाची बाटली समोर ठेवली.

"हे नको. सुटा द्या, अर्धा किलो," मी मराठीतच म्हटले. "बाळंतिणीला द्यायचाय."

दुकानदार माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई मोठ्याने हसल्या.

"अगो बाई, 'तिन्नो अंटु' म्हण. खायचा डिंक! नाहीतर त्या बाळंतिणीचं तोंड जन्मभर उघडायचं नाही."

त्या इंदुअक्का. डॉ. इंदुमती जगताप, ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. त्या दुकानात खायचा डिंक नव्हताच. अक्का म्हणाल्या, "माझ्या घरी आहे. स्वल्प चालावं लागेल." मी चालले. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत पाऊल टाकले आणि धावड्याच्या डिंकाचा वास आला. माझे माहेर यवतमाळकडचे, जंगलाला लागून. तो वास मी कितीतरी वर्षांनी घेतला होता.

या ग्रंथात अक्कांच्या संशोधनाविषयी जाणकारांचे लेख असतीलच. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. पुढचे वाचन ज्याचे त्याला येते तसे मला आले. अक्कांच्या मागच्या खोलीत मी डिंक निवडते, दळते, भिजवते, गाळते. तेव्हा मागच्या खोलीविषयी लिहिणे माझ्याकडे आले हे बरोबरच झाले. मला लिहायला सांगताना संपादक मंडळातल्या निनादने सुचवले होते, "काकू, हृद्य असं काहीतरी लिहा." तसे मला जमत नाही. जे झाले ते लिहिते.

अक्कांचे घराणे बेंगळुरात किती पिढ्यांपूर्वी आले हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. वडिलांचे पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, कापडाचे दुकान होते. अक्का मात्र अन्नशास्त्र शिकल्या, सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर घराच्या मागे, जिथे पूर्वी धुणे वाळत असे तिथे, पत्र्याची खोली बांधली. झाडाच्या खोडातून पाझरणारा डिंक हा त्यांचा विषय. सरबतात लिंबाचे तेल वर तरंगू नये, आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत, ताकाचे पाणी वेगळे होऊ नये, यासाठी कारखानदार काहीबाही घालतात. त्यातले बरेचसे काम आपल्या जंगलातले डिंक करू शकतात, हे अक्का आयुष्यभर करून दाखवत आल्या आहेत. एकजीव झालेल्या गोष्टी एकजीव ठेवायच्या, एवढेच ते काम. इंग्रजीत त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. अक्का त्याला 'धरून ठेवणारा' म्हणतात.

पण नैसर्गिक म्हणून डोळे मिटून कौतुक करणे त्यांना कधी पटले नाही. एकदा एका सरबतवाल्यांनी बाटलीवर हिरवे पान छापून 'शंभर टक्के नैसर्गिक, स्टॅबिलायझर नाही' असे लिहायचे ठरवले. त्या सरबतात आमचाच डिंक होता. अक्कांनी त्यांना खुर्चीवर बसवले, कॉफी दिली आणि म्हणाल्या, "माझा डिंक स्टॅबिलायझरच आहे हो. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, आणि झाडातून आलं म्हणून भाळायचंही नाही. धोत्राही झाडालाच लागतो." ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सगळेच असं लिहितात." अक्का म्हणाल्या, "सरी, बरं. मग सगळ्यांकडून डिंक घ्या." कॉफी संपेपर्यंत त्यांनी त्यांना उठू दिले नाही, आणि डिंकही दिला नाही.

दुसरी एक गोष्ट. कढई नावाचे एक झाड आहे. भांडे नव्हे, झाड. पांढरे फटक खोड असते. आमच्याकडे त्याला भुत्या म्हणतात, कारण चांदण्यात ते माणसासारखे उभे दिसते. त्याचा डिंक थंड पाण्यात टाकला की फुगून दाट होतो. पण लोक कुऱ्हाडीने खोलवर घाव घालतात, एकाच वर्षी भरपूर डिंक काढतात आणि झाड मरते. मी लहानपणी अशी वाळलेली भुत्याची झाडे पाहिली आहेत. एक व्यापारी अक्कांकडे फार सुंदर माल घेऊन आला, मोठे मोठे पांढरे खडे. अक्कांनी एक खडा उजेडात धरला. त्यात लाकडाचा कपचा अडकला होता. साल नव्हे, आतले लाकूड. त्यांनी पोते पुन्हा शिवायला सांगितले. व्यापारी चिडला. "झाड काय तुमच्या अंगणातलं आहे का?"

"नाही ना," अक्का म्हणाल्या. "अंगणातलं असतं तर मला राखता आलं असतं."

अशी माणसे धंदा कसा करतात, असे कोणी विचारेल. रडतखडत करतात. पण करतात.

आता मी तिथे कशी राहिले ते सांगते. आमचे हे इथल्या कारखान्यात फिटर होते. ते गेल्यावर भाऊ मला न्यायला आला. सगळ्यांचे म्हणणे होते की एकट्या बाईने परक्या गावात राहून करायचे काय. मी गेले नाही. ज्या गावात ह्यांच्याबरोबर संसार केला ते गाव मला परके कसे? पण दिवस जड जात. लाडू पोचवून आल्यावर मी धावड्याच्या डिंकाचे आभार मानायला अक्कांकडे गेले ती जातच राहिले. एका दुपारी बरणीत नाचणीचे पाणी ठेवले होते. वर स्वच्छ पाणी, खाली गाळ. मी म्हणून गेले, "अक्का, माझंही असंच झालंय बघा. सगळं तळाशी बसलंय."

मला वाटले होते त्या पाठीवर हात ठेवतील. अक्कांनी चष्म्यावरून पाहिले.

"माणसानं स्वतःला नाचणी म्हणू नये गे. नाचणीला उद्याचा स्वयंपाक नसतो. तुला आहे. ते फडकं दे इकडे."

मी फडके दिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा डिंक गाळला. मला दुःख विसरायला कोणी लावले नाही, याचे मला अजून बरे वाटते. ते आहे तिथे आहे. मी कामाला लागले.

वाचनाचेही तसेच. अक्कांकडे पुस्तके पुष्कळ, पण मला त्यांनी कधी 'हे वाच' म्हणून दिले नाही. एकदा त्यांनी शिवण उसवलेले एक जाड पुस्तक माझ्यासमोर ठेवले. पाने सुटी झाली होती आणि कोपरे उंदराने खाल्ल्यामुळे पानांवरचे आकडेही गेले होते. सोबत बाभळीच्या डिंकाची वाटी आणि ब्रश.

"एवढं चिकटवून दे."

"अक्का, कुठलं पान कुठे जातं ते कसं कळणार?"

"वाचल्यावर कळेल."

मला ते पुस्तक लावायला पावसाळा गेला. एका पानाचे शेवटचे वाक्य घ्यायचे आणि ते पुरे करणारे पान ढिगातून शोधायचे. कधी कधी चुकीचे पान लागे आणि नवऱ्याच्या मरणानंतर लगेच त्याचे लग्न येई. मी हसे, मग रडे, मग पान बदली. शेवटचे पान चिकटवले तेव्हा मला कळले की मी तीनेकशे पानांचे पुस्तक वाचले आहे, आणि अक्कांना ते पुस्तक चिकटवून नकोच होते. तो डिंक अजून धरून आहे. पुस्तक माझ्या घरी आहे.

आता फळीविषयी.

मागच्या खोलीत खिडकीपासून लांब एक फळी आहे. काहीही नवे करून पाहिले की बाटलीत भरून त्या फळीवर ठेवायचे आणि हात लावायचा नाही. अक्कांचे म्हणणे असे की करून ठेवल्या दिवशी सगळ्याच बाटल्या शहाण्या दिसतात. ढवळलेले एकजीव दिसणारच. कोण धरून राहिले आणि कोण सुटले हे उद्या कळते. म्हणून त्या केल्या दिवशी कधीच 'जमले' म्हणत नाहीत. त्या फळीच्या कडेवर त्यांनी खडूने कानडीत लिहिले आहे: नाळे बा. उद्या ये.

बेंगळुरात जुनी माणसे हे वाचून हसतात. नव्यांसाठी सांगते. पूर्वी गल्ल्यागल्ल्यांतून अशी आवई उठली होती की एक भूत येते, दार वाजवते, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडले की संपले. म्हणून लोकांनी दारांवर लिहून ठेवले, 'नाळे बा'. भूत वाचते, बरे म्हणते, परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. ही फळी पूर्वी स्वयंपाकघरात होती, तेव्हा अक्कांचा मुलगा श्रीधर लहानपणी येता जाता बाटल्या हलवून बघायचा, म्हणून त्यांनी हे फळीवर लिहिले. भुताला लागू पडते ते पोरालाही लागू पडले. श्रीधर आता केस पिकलेले गृहस्थ आहेत, महादेवपुऱ्याला मोठ्या कंपनीत आहेत, पण अजून त्या फळीजवळ आले की हात मागे बांधतात. मी पाहिले आहे.

अलीकडे फळीवर गंगम्मांची नाचणी आहे. गंगम्मा उद्यानाच्या फाटकाशी गाडीवर नाचणीची अंबली विकतात. सकाळी फिरायला येणारे लोक उभ्याउभ्या पितात. एका कार्यालयाच्या कँटीनने त्यांना सांगितले की बाटलीत भरून द्याल तर रोज घेऊ. पण बाटलीत नाचणी खाली बसते. वर पांढरे पाणी, खाली चिखल. लोकांना वाटते नासली. गंगम्मा आमच्याकडे बाटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, हिला उभी करा." कढईचा डिंक कमी घातला तर नाचणी बसते, जास्त घातला तर घोट बुळबुळीत होतो आणि घशाखाली उतरत नाही. त्याच्या मधली जागा आम्ही शोधतो आहोत. अजून सापडलेली नाही.

त्यातच अक्का ओल्या फरशीवरून घसरल्या आणि हात मोडला. प्लास्टर असतानाच एका रविवारी श्रीधर आले, आणि ग्रंथाचे बोलायला निनादही आला. व्हरांड्यात बसलो होतो. निनाद चांगला मुलगा आहे, पुण्याहून नोकरीला आलेला, मंडळाचे सगळे काम तोच ओढतो. तो म्हणाला, "अक्का, ग्रंथाचं नाव फायनल करू या. सगळ्यांना 'कृतार्थ' आवडलंय. अॅक्च्युअली खूप अॅप्ट आहे."

अक्कांनी विचारले, "म्हणजे काय रे?"

"म्हणजे, सगळं करून झालंय. समाधान. फुलफिल्ड."

"कुणाचं करून झालंय?"

 श्रीधर बोलले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते घाबरलेले होते. "आई, समारंभ झाला की मागची खोली रिकामी करू या. मी टेम्पो सांगतो. तू माझ्याकडे राहा. पडलीस तेव्हा या सुनंदाबाई होत्या म्हणून. नसत्या तर? पुरे आता. किती दिवस त्या खोलीला चिकटून बसणार?"

"डिंकाची बाई आहे रे मी," अक्का म्हणाल्या. "चिकटून नाही बसणार तर काय करणार?"

निनाद हसला. श्रीधर हसले नाहीत.

"चेष्टा नको. बरं, असं करू. फळीवर आज नाचणी ठेवलीय ना? उद्या ती उभी असली तर खोली राहू दे. बसली असली तर बंद. पटतंय?"

मला वाटले, अक्का हो म्हणणार. त्या बाटल्या मीच भरल्या होत्या आणि या वेळी डिंक आणखी कमी करून पाहिला होता. मला माझीच खात्री नव्हती. ती खोली गेली असती तर अक्का मुलाकडे गेल्या असत्या. मी कुठे गेले असते हे कोणी बोलत नव्हते, मीही नाही.

अक्कांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला.

"बाटलीवर पैज लावत नाहीत, श्रीधर. उभी राहिली तर गंगम्माचं काम झालं. बसली तर पुन्हा करायचं. आणि पुन्हा करायचं असलं तर खोली लागते. बसली म्हणून बंद करायची खोली असती तर मी ती बांधलीच नसती."

"आणि तू पुन्हा पडलीस तर?"

"तर उठेन. कोणीतरी उठवेल."

तेव्हा मी बोलले. मी सहसा बोलत नाही. म्हटले, "मी आहे. ह्यांच्या मागे मला सगळ्यांनी परत जा म्हणून सांगितलं, मी गेले नाही. आताही जाणार नाही. टेम्पो आला तर तो रिकामा जाईल."

श्रीधर खुर्चीवरून उठले. मग मागे गेले. मला वाटले फळीकडे गेले. ते खाली वाकून फरशी बघत होते. परत येऊन म्हणाले, "इथे निदान रबराची चटई तरी टाका. माझ्याच डोक्यात यायला हवं होतं." अक्का म्हणाल्या, "सरी. नाळे बा, येताना घेऊन ये." निघताना त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणीचे काहीतरी आले आणि गेले.

निनादला त्या म्हणाल्या, "नाव काहीही ठेव. 'कृतार्थ' नको. मी मेल्यावर वापर, फुकट देते." म्हणून हा ग्रंथ त्या नावाने निघालेला नाही, हे वाचकांना कळावे. त्या संध्याकाळी अक्कांनी मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. हे मी मुद्दाम छापील लिहिते आहे. ज्यांना ती खोली बंद झालेली हवी आहे त्यांना किल्ली कोणाकडे मागायची ते माहीत असावे. मी देणार नाही हेही माहीत असावे.

गौरव म्हणजे निरोप नव्हे. शाल दिली की माणूस झाकला गेला असे समजायची आपल्याकडे सवय आहे. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला खुर्चीत बसवून तिच्याविषयी 'होत्या', 'केले', 'दिले' असे बोलतात, आणि ती समोर बसून ऐकत असते. मी या लेखात अक्कांविषयी 'आहेत' असे लिहिले आहे. पूर्वीचे सांगायचे तेव्हाच 'होत्या' वापरले. छापताना कोणी बदलू नये.

अक्कांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे ही इच्छा माझीही आहे. पण ती नुसती व्यक्त करून मी थांबले नाही. मागच्या खोलीच्या दारावर, बाहेरच्या बाजूने, मी खडूने मोठ्या अक्षरांत 'नाळे बा' लिहिले आहे. अक्कांना न्यायला जो कोणी येईल, टेम्पो घेऊन येवो की रेड्यावर बसून, त्याने ते वाचावे आणि परत जावे. दुसऱ्या दिवशी यावे, पुन्हा वाचावे. पावसाने पुसले तर मी पुन्हा लिहीन. खडूचे खोके आणून ठेवले आहे.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडले आणि फळीपाशी गेले. नाचणी खाली बसली होती. मी बाटल्या ओतून टाकल्या, धुतल्या, पालथ्या घातल्या आणि नवा डिंक भिजत घातला.